जीपचा जीर्णोद्धार

विजयादशमीच्या सायंकाळीं कोल्हापूरच्या दसरा चौकांत सीमोल्लंघनाचा सोहळा होतो, आणि राजाराम महाराजांच्या काळांतील जर्मन बनावटीची मेबॅक मोटार छत्रपतींच्या घराण्याला घेऊन तेथें येते. बापाच्या खांद्यावर बसलेलीं मुलें ती पाहण्यासाठीं मान उंच करतात. जिला राजवाड्याची छाया लाभली त्या गाडीला गंजाचें भय नसतें. परंतु त्याच जिल्ह्यांत, एखाद्या मळ्यांतील गोठ्यामागें, कडब्याच्या गंजीआड गंजत पडलेली जीप पाहावयास कोणी जमत नाहीं. तिच्या आसनावर कोंबडी अंडें घालते, बॉनेटवर शेणी वाळत असतात आणि चाकांतली हवा केव्हांच गेलेली असते. घरांतला एखादा तरुण दर दिवाळीला गांवीं आला कीं तिच्याभोंवतीं एक फेरी मारतो आणि ती पुन्हां रस्त्यावर आणण्याची भाषा करतो. त्यावर वडिलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "खर्च किती येईल?"

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. खर्च किती, याहून खर्च कोणत्या क्रमानें, हें अधिक महत्त्वाचें. अर्धवट राहिलेल्या जुन्या गाड्यांची चौकशी केली तर बहुधा असें आढळतें कीं, रंग, गाद्या, रुंद टायर आणि चकचकीत दिवे यांवर आधीं पैसा गेला, आणि ब्रेकपाशीं येतांच थैली रिकामी झाली.

जीप हें मुळांत युद्धाचें अपत्य. १९४० सालीं अमेरिकन सैन्याला चारही चाकांना गति देणारी, हलकी अशी टेहळणीची गाडी हवी होती. बँटम नांवाच्या एका लहान कंपनीनें पहिला नमुना करून दिला. पुढें विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून १९४५ पर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या कित्येक गाड्या आपल्याकडेही विक्रीस निघाल्या. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा आणि महिंद्रा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें सुटे भाग आणून मुंबईस माझगांव येथें विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि क्रमाक्रमानें ती गाडी देशी करून टाकली. उंच बॉनेटच्या सीजे-थ्री-बी या जीपचें उत्पादन अमेरिकेंत १९६८ सालीं थांबलें. इकडे तिचा वंश त्यानंतरही पुष्कळ वर्षें चालू राहिला. कोल्हापूर जिल्ह्यांत साखर-कारखान्यांनीं, पाटबंधारे खात्यानें आणि निवडणुकांनीं जीपची ओळख गांवोगांव करून दिली, आणि एस.टी. जेथें वेळेवर पोंचत नव्हती तेथें वडापच्या जीपनें माणसें, भाजीचे हारे आणि प्रसंगीं शेळ्यादेखील वाहिल्या. गोठ्यामागची जीप ही अशा कष्टांतून निवृत्त झालेली असते.

ती कोणत्या पिढीची, हें प्रथम ठरवावें लागतें. बहुतेक युद्धकालीन जीपच्या पुढील जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. फोर्डनें आपल्या भागांवर, अगदीं बोल्टांच्या डोक्यांवरदेखील, एफ हें इंग्रजी अक्षर उठविलें होतें. विलीजच्या चेसीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. पण पाऊणशें वर्षें राबलेल्या जीपमध्यें एकाच कुळाचे सर्व भाग क्वचितच सांपडतात. विलीजचें इंजिन, फोर्डची चेसी, महिंद्राची गिअरपेटी आणि गांवच्या सुतारानें केलेली बैठक असा संसार एकाच गाडींत सुखानें नांदत असतो. त्याचा उपहास करण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं हातीं आलें तें बसवून गाडी चालू ठेवली, त्यांच्यामुळेंच ती आज गोठ्यामागें तरी उभी आहे.

लोखंडाच्या आधीं कागद तपासावे. नोंदणीपुस्तकांतील चेसीचा आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं जुळत नसेल, अगर पुस्तकच हरवलें असेल, तर तो तिढा प्रादेशिक परिवहन कार्यालयांत प्रथम सोडवून घ्यावा आणि मगच पाना हातांत घ्यावा. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते; त्यापुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून मिळते, आणि १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचें शुल्क बरेंच वाढलें आहे. याखेरीज २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठीं व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांत पहिल्या नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षें अशी ठरली. अट मात्र अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत असावी. चेसी, पत्र्याचें कवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, जुन्या मोटारींचे मेळावे, दुरुस्ती आणि इंधन भरणें एवढ्यांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. रोज डेअरीला दूध पोंचविण्यास ती नेतां येत नाहीं.

तेव्हां घरांत पहिला निर्णय घ्यावयाचा तो हा कीं, जीप वापरावयाची आहे कीं जपावयाची? हा निर्णय पुढें ढकलणारा गृहस्थ दोन्हींकडून नागवला जातो. तो अर्धें काम मूळ स्वरूपासाठीं करतो, अर्धें सोयीसाठीं, आणि शेवटीं गाडी ना व्हिंटेज ठरत, ना रोजच्या कामाला येत.

जीपची रचना मात्र बेताच्या कमाईच्या माणसाला अनुकूल आहे. तिची चेसी म्हणजे शिडीसारखा स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो आणि वरचें पत्र्याचें कवच त्यावर बोल्टांनीं बसविलेलें असतें. आजच्या बहुतेक लहान मोटारींत कवच आणि सांगाडा एकजीव असल्यामुळें पत्रा खोलवर कुजला कीं गाडीच संपली. जीपच्या पत्र्याची चाळणी झाली तरी चेसी धड असेल तर गाडी जगते. उलट, कुजलेल्या चेसीवर केलेली रंगरंगोटी ही निव्वळ फसवणूक होय, आणि ती बहुधा स्वतःचीच असते. तपासणीला दोनच हत्यारें पुरतात: एक हलकी हातोडी आणि एक टोकदार स्क्रू-ड्रायव्हर. धड लोखंड खणखणीत वाजतें, कुजलेलें बद्द वाजतें. पाटे जेथें चेसीला टांगलेले असतात त्या जागा, मागचा आडवा दांडा, बॅटरीखालचा भाग आणि स्टिअरिंगची पेटी जेथें आवळलेली असते ती जागा, येथें हातोडी सावकाश फिरवावी. स्क्रू-ड्रायव्हर आंत घुसला तर सौदा करणाऱ्यानें गाडीची किंमत तेथेंच निम्मी धरावी.

गंज हें लोखंड, प्राणवायु आणि पाणी या तिघांचें कारस्थान आहे. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाहून अधिक असल्यामुळें तो दोन पत्र्यांच्या सांध्यांत शिरला कीं सांधा फुगतो आणि उसवतो. वरून दिसणारी फुगवटी हा रंगाचा दोष नसून आंतल्या कुजण्याची बातमी असते. मिठानें हें काम झपाट्यानें होतें. म्हणून मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दिवस काढलेली जीप स्वस्त मिळाली तरी सावधपणें घ्यावी. घाटावर मिठाची भीति कमी, पण पुराची अधिक. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षीं पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून शहरांत आणि शिरोळ-करवीरच्या गांवांत शिरली. पुरांत बुडालेल्या गाडीच्या चेसीच्या पोकळींत गाळ बसतो आणि पुढें वर्षानुवर्षें ओल धरून ठेवतो. अशा गाडीचें गिअरपेटींतलें आणि दोन्ही आंसांतलें तेल थोडें काढून पाहावें. तें दूध घातलेल्या चहासारखें दिसलें तर आंत पाणी गेलेलें आहे, आणि बेअरिंगें उघडून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

युद्धकालीन जीपच्या आणखी दोन जागा विसरूं नयेत. तिच्या तळाच्या पत्र्याखालीं बळकटीसाठीं पन्हळीसारख्या पट्ट्या असतात आणि त्यांत लांकूड ठोकलेलें असतें. तें लांकूड स्पंजाप्रमाणें पाणी पितें आणि भोंवतालचा पत्रा खाऊन टाकतें. दुसरी जागा चालकाच्या आसनाखालची. पेट्रोलची टांकी तेथेंच एका खोलगट खाचेंत बसविलेली असते, आणि त्या खाचेचें पाणी जाण्याचें भोंक मातीनें बुजलें कीं टांकी खालून कुजूं लागते.

सुटे भाग कोठून आणावयाचे, या विवंचनेंत पुष्कळजण मुंबई-दिल्लीच्या जुन्या बाजारांकडे धांव घेतात. कांहीं भाग तेथूनच आणावे लागतात, हें खरें. परंतु कोल्हापूरकरांनीं आपल्या घरचें धन विसरूं नये. ज्या गांवांत बाबूराव पेंटरांनीं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला, त्या गांवाला यंत्राची भीति कधींच नव्हती. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांच्या परंपरेंतून येथें ऑइल इंजिनांचा धंदा वाढला, त्याच्या पोटीं फौंड्रया आल्या, आणि शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगांवपर्यंत लेथ, बोअरिंग आणि ओतकाम यांची वस्ती पसरली. एखादा झिजलेला बुश, तुटलेली कडी, आटे गेलेला नट यांसाठीं परगांवीं पत्र पाठवून महिनाभर वाट पाहण्याचें कारण येथें पडत नाहीं. जुना भाग पुडींत बांधून लेथवाल्याकडे न्यावा. माप घेऊन तो नवा करून देतो. मात्र त्याला काय हवें तें नेमकें सांगावें लागतें, आणि पोलाद कोणत्या जातीचें वापरावयाचें हें त्याच्याशीं बोलून ठरवावें लागतें. स्टिअरिंगच्या सांध्याला कोणताही मऊ गज चालत नाहीं.

आतां क्रम. थैली तीन भागांत वाटावी. पहिला भाग चेसी, ब्रेक आणि स्टिअरिंग यांचा, दुसरा इंजिन आणि गिअरपेट्यांचा. तिसऱ्या भागांतून तारा, पत्रा आणि रंग उरकावे. पहिल्या भागाला हात लावून दुसऱ्यावर खर्च करूं नये, ही घरांतील हिशेब ठेवणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी. आणि ती व्यक्ति गाडीवर फार जीव नसलेली असेल तर उत्तम.

ब्रेकचें एवढें स्तोम कशासाठीं, हें ज्यानें गगनबावड्याहून करूळचा घाट उतरला आहे त्याला सांगावें लागणार नाहीं. जुन्या जीपचे चारही ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरमधून निघालेल्या तेलावर चालतात. कोणत्याही एका चाकाची नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. मग उरतो तो हातब्रेक, आणि तो चाकांवर नसून गिअरपेटीमागच्या फिरत्या दांड्यावर असतो. उभी गाडी धरून ठेवण्यास तो ठीक, उतारावर धांवती गाडी थांबविण्यास नव्हे. म्हणून ब्रेकच्या साऱ्या लोखंडी व रबरी नळ्या निरपवादपणें नव्या घालाव्या. व्हील सिलिंडरांना आंतून गंजाचे खड्डे पडले असतील तर ते बोअर करून आंत पितळी बाही बसवितां येते. हें काम कसबी लेथवाल्यानेंच करावें. ब्रेकशूंना नवें लायनर लावून घ्यावें. स्टिअरिंगचे सांधे, किंगपिनचीं बेअरिंगें आणि पाट्यांचे बुश सैल असले म्हणजे ठराविक वेगाला पुढचीं चाकें थरथरूं लागतात आणि ती थरथर हातांत आवरेनाशी होते. पुष्कळ मालक त्यावर उपाय म्हणून नवे टायर घेतात. पैसा जातो, थरथर राहते.

इंजिनाच्या बाबतींत घाई हाच मोठा खर्च. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडीला एकदम बॅटरी लावून स्टार्टर मारणें म्हणजे चिकटलेल्या पिस्टनवर बळजबरी करणें. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्यें रॉकेल आणि तेल यांचें मिश्रण ओतावें, चार-आठ दिवस स्वस्थ बसावें, आणि मग हँडलनें इंजिन हलकेच पुढें-मागें करून पाहावें. युद्धकालीन जीपचें मूळ पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचें, सुमारें २.२ लिटरचें, साठ अश्वशक्तीचें आणि घडणीनें साधें असतें. सिलिंडर बोअर करणें, व्हॉल्व्हच्या बैठका घांसणें, हेडचें तोंड सपाट करणें या गोष्टी उद्यमनगरांत रोजच्याच आहेत.

येथें डिझेलचा मोह आड येतो. पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून पूर्वीं अनेकांनीं जीपमध्यें मॅटाडोरचें डिझेल इंजिन बसविलें. पुढें महिंद्रानेंही पूजो घराण्याचें डिझेल इंजिन आपल्या जीपला दिलें. रोजच्या वापराची गाडी असेल आणि तें इंजिन नोंदणीपुस्तकावर रीतसर चढलेलें असेल, तर तें काढण्याचा हट्ट धरूं नये. परंतु मूळ पेट्रोल इंजिन जागेवर असतांना तें भंगारांत घालून डिझेल बसविणें हा तोट्याचा व्यवहार होय. कायद्याच्या ५२ व्या कलमानें असा फेरफार परवानगीवांचून करतां येत नाहीं, आणि व्हिंटेज नोंदणीची वाटही त्यानें बंद होते. पेट्रोल इंजिन ठेवणाऱ्यानें एक नवी दक्षता घ्यावी. आतां पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें जुन्या जातीचें रबर फुगवितें आणि हवेंतील ओल शोषून टांकींत पाणी आणतें. म्हणून इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावे. आपल्याच उसापासून झालेला मद्यार्क आपल्याच जीपची नळी खातो, ही गंमत कोल्हापूरकरांनीं सोसली पाहिजे.

गंज काढण्याच्या कामांत मात्र हाच ऊस उपयोगी पडतो. साखर-कारखान्याची मळी आठ-दहा पट पाण्यांत कालवून तींत लोखंडी भाग बुडवून ठेवला, तर आठवड्या-दोन आठवड्यांत गंज सुटतो आणि लोखंड शाबूत राहतें. मळीच्या व्यवहारावर सरकारी नियंत्रण असतें. ती रीतसर मिळेल तरच घ्यावी, आणि ॲल्युमिनियमचे भाग तींत टाकूं नयेत. वासाविषयीं शेजाऱ्यांना आधीं कल्पना द्यावी. दुसरी रीत विजेची. प्लॅस्टिकच्या पिंपांत धुण्याचा सोडा घातलेलें पाणी घ्यावें, बॅटरी चार्जरचें ऋण टोंक गंजलेल्या भागाला व धन टोंक एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला जोडावें. ती पट्टी स्टेनलेस स्टीलची कदापि नसावी, कारण तिच्यामुळें पाण्यांत विषारी द्रव्यें उतरतात. या क्रियेंत हायड्रोजन वायु निघत असल्यामुळें पिंप उघड्या हवेंत ठेवावें आणि जवळ विडी ओढूं नये. चेसीसारख्या जड भागासाठीं शॉट ब्लास्टिंग उत्तम, आणि फौंड्रयांच्या गांवांत तें सहज होतें. पण तोच मारा पातळ पत्र्यावर केला तर पत्रा वांकडातिकडा होऊन बसतो.

कुजलेला पत्रा धड लोखंडापर्यंत कापून नवा तुकडा वेल्डिंगनें जोडावा. भोंकावर लांबी भरून रंग मारणें ही दोन पावसाळ्यांची सोय होते, तिसऱ्यांत लांबी ढेकळासारखी गळून पडते. संपूर्ण कवच गेलेलें असेल तर नवें घडविलेलें कवच विकत मिळतें. पण तें घेण्यापूर्वीं नोंदणीच्या वरील अटी पुन्हां वाचाव्या. मोकळ्या लोखंडाला त्याच दिवशीं रेड ऑक्साइडचा हात द्यावा, कारण श्रावणांतल्या हवेंत एका रात्रींत त्यावर तांबूस छटा चढते. रंगाची निवड घरांतल्या मुलांवर सोपविण्यास हरकत नाहीं.

राहिली चार चाकांची परीक्षा. जुन्या जीपचे पुढचे आणि मागचे आंस चार चाकांच्या गतींत एकमेकांना ताठ बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांहून अधिक अंतर कापावें लागतें. ओल्या मातींत चाकें थोडीं घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर तें जमत नाहीं आणि सारा ताण गिअरपेटी व सांध्यांवर येतो. म्हणून ही परीक्षा रस्त्यावर करूं नये; नांगरलेल्या, भिजलेल्या शेतांत करावी. पुढच्या चाकांच्या आंतील गोल डब्यांतून तेल झिरपत असेल तर त्यांवरचे नमद्याचे पट्टे बदलावे.

आणि पहिला वळीव पडला म्हणजे जीप छपराखालून मुद्दाम बाहेर काढून अर्धा तास पावसांत उभी करावी. मग खालीं वांकून, चालकाच्या आसनाखालच्या भोंकांतून पाण्याची धार पडते कीं नाहीं तें पाहावें. पडत नसेल तर तारेनें भोंक मोकळें करावें, टांकी उतरवावी आणि खाच वाळल्यावर तिला रेड ऑक्साइडचा आणखी एक हात द्यावा. मृग लागण्यापूर्वीं एवढें काम उरकलेलें बरें.